जावक क्रमांक एकेचाळीस

कापडाच्या कात्रीने कागद कापणाऱ्या माणसाला माझ्या घरात थारा नाही. हे मी माझ्या लेकीला ती तीन वर्षांची असल्यापासून सांगत आलेय. तरी त्या दिवशी दुपारी गणवेशांचा गठ्ठा पोचवून परत येते तर काय, बाईसाहेब माझ्या कटिंगच्या टेबलावर मांडी ठोकून बसलेल्या, आणि माझी मोठी कात्री जाड पुठ्ठ्यात खचाखच चाललेली.

"बटण!" मी ओरडले. तिला सगळे बटणच म्हणतात. जन्मली तेव्हा एवढीशी होती आणि दुकानातल्या बटणांच्या डब्यांमध्येच रांगायला शिकली. आता तेरा वर्षांची घोडी झालीय, पण नाव चिकटलं ते चिकटलं.

"आई, प्रोजेक्ट आहे," ती म्हणाली. म्हणजे आता सात खून माफ.

तिच्या वर्गाच्या बाईंनी भित्तिपत्रक करायला सांगितलं होतं. विषय काय, तर टपाल तिकिटं आणि विनम्र पत्रलेखन. या बाईंनी आयुष्यात एक पत्र लिहिलं असेल तर मी माझं मशीन फुकट देईन. रोज सकाळी फोनवर फुलाचं चित्र आणि खाली जोडलेले हात पाठवतात, तेवढाच त्यांचा विनय. वर सूचना, ‘पालकांनी मदत करू नये’, आणि त्याच्या खाली दुसरी, ‘शनिवारी प्रदर्शनाला पालकांनी उपस्थित राहावे’. मदत करायची नाही, फक्त येऊन माना डोलवायच्या.

इस्त्रीसाठी पाणी घ्यायला गेले तर माझ्या भांड्यात पन्नासेक तिकिटं तरंगत होती. पाकिटाचे कपटे सुटून पाणी गढूळ झालेलं.

"ही कुठून आणलीस?"

"आजोबांनी दिली. डबाभर आहेत त्यांच्याकडे. आणि फाईलपण दिली. नमुना पत्रं हवी होती ना!"

झालं. कामातून गेली ती दुपार.

माझे वडील एका मोठ्या कचेरीत छत्तीस वर्षं आवक-जावक विभागात होते. आलेल्या पत्राला नंबर द्यायचा, गेलेल्या पत्राला नंबर द्यायचा, आणि मधल्या वेळात समोरच्याला न दुखावता नाही कसं म्हणायचं याचे मसुदे करायचे. त्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता म्हणतात. आम्ही भावंडं त्यांना पाठीमागे ‘महोदय’ म्हणायचो. कचेरीतून घरी येताना माणसं डबा आणतात, छत्री आणतात. महोदय कचेरीच घेऊन यायचे. घरात रजिस्टर होतं. आई अनुक्रमांक एक, दादा दोन, मी तीन. सहलीला जायचंय? अर्ज करा. नवीन बूट हवेत? अर्ज. दहाव्या वर्षी मी सहलीचा अर्ज केला, तर तिसऱ्या दिवशी जेवायच्या टेबलावर उत्तर: ‘आपल्या अर्जाचा सहानुभूतीपूर्वक विचार करण्यात आला.’ मी आनंदाने उड्या मारत आईकडे गेले. आईने पुढचं वाक्य वाचून दाखवलं तेव्हा कळलं, सहानुभूतीपूर्वक विचार झाला म्हणजे बोंबलली सहल.

आणि प्रत्येक पत्राखाली कार्बन. लेकीच्या सहलीच्या नकाराचीसुद्धा स्थळप्रत फाईलला लागलेली. वेड म्हणावं तर पेन्शन मिळते याबद्दल.

तर या महोदयांचं एक ताजं पत्र गेले वीस दिवस माझ्या मशीनच्या खणात पडलं होतं. ते दादाकडे राहतात, माझ्यापासून तीन गल्ल्या पलीकडे. दादाची बदली झाली आणि महिनाअखेर घर सोडायचं ठरलं. नव्या गावी दोनच खोल्या, वहिनीच्या आई आधीच तिथे. म्हणून दादाने वृद्धाश्रमाचा फॉर्म आणून ठेवला होता आणि माझ्याकडे बघून घसा खाकरायला सुरुवात केली होती. महोदयांनी काय करावं? तीन गल्ल्या चालत यावं, दार वाजवावं, ‘बाई गं, मला ठेवून घेतेस का?’ म्हणावं. तर नाही! पाकीट, वर तिकीट, चौथ्या दिवशी पोस्टमन दारात.

‘महोदया, सविनय निवेदन करण्यात येते की, चालू महिनाअखेर निवासस्थान रिकामे करावे लागत असल्याने अर्जदाराची राहण्याची सोय होणे आवश्यक झाले आहे. तरी आपल्या घरी एका खाटेपुरती जागा उपलब्ध होऊ शकल्यास अर्जदार आभारी राहील. आपल्या सोयीने उत्तर मिळावे, ही नम्र विनंती.’

महोदया! पोटच्या पोरीला! मी त्याच्या पाठीवर एका गणवेशाची मापं लिहून ठेवली, कंबर अठ्ठावीस, उंची सदतीस, आणि पत्र खणात टाकलं. उत्तर दिलं नाही. महिना संपायला आठ दिवस उरले होते. हो म्हणायला जीभ रेटत नव्हती, आणि नाही म्हणायला शब्द सापडत नव्हते. नाही म्हणायची कला महोदयांची, माझी नव्हे.

गुरुवारी संध्याकाळी बटणने भित्तिपत्रक भिंतीला टेकवून उभं केलं. "बघ ना आई! पण आधी रागावू नकोस."

डावीकडे तिकिटं. पक्ष्यांची वेगळी, रेल्वेगाड्यांची वेगळी, आणि मध्ये सगळी गोल चिकटवून केलेलं सूर्यफूल. उजवीकडे विनम्र पत्रलेखन. तिथे तिने तिच्या सगळ्यात सुबक अक्षरात दोन पत्रं शेजारी शेजारी उतरवली होती. एकावर लाल शाईने ‘विनंती’, दुसऱ्यावर ‘उत्तर’.

विनंतीचं पत्र मी ओळखलं. माझ्या खणातलंच.

"बाई म्हणाल्या खरी पत्रं आणा, पण नावं काढून टाका. म्हणून नावं काढली. हे नवीन आहे, खणात होतं, मागे तुझी मापं होती. आणि हे उत्तर मी फाईलमधून शोधलं. किती छान बसलं बघ! दोन दिवस शोधत होते. नाही म्हणायची पत्रं तर ढीगभर होती, पण सगळ्यात नम्र हेच वाटलं."

मी वाचलं. खरं तर वाचायची गरज नव्हती.

‘जा. क्र. ४१. आपले पत्र पोचले. आपल्या विनंतीचा सहानुभूतीपूर्वक विचार करण्यात आला. तथापि, जागेच्या अडचणीमुळे तूर्त आपली सोय करणे शक्य होणार नाही, हे कळवताना खेद होतो. तरी आपण आहात त्या ठिकाणीच समजुतीने राहावे, ही नम्र विनंती.’

चौदा वर्षांपूर्वी हे पत्र मला आलं होतं. तेव्हा आई जाऊन वर्ष झालं होतं, आणि मी ज्या माणसाला दिली गेले होते त्याला हात उगारायला कारण लागत नव्हतं. मी पेन्सिलीने चार ओळी लिहिल्या होत्या: बाबा, मला न्यायला या. हे मारतात. मला दिवस गेलेत. लवकर या. मायना नाही, नम्र विनंती नाही, काही नाही. सहाव्या दिवशी उत्तर आलं, तिकीट उजव्या कोपऱ्यात अगदी ताठ चिकटवलेलं. दादाच्या लग्नाची बोलणी चालली होती, घरात परत आलेली बहीण कोणाला दिसायला नको होती. हे त्यात लिहिलेलं नव्हतं. जागेची अडचण लिहिली होती.

त्याच दुपारी मी नेसत्या कपड्यांनिशी बाहेर पडले. कोणाकडे गेले, कशी जगले, हे नंतर घरातल्या एकाही माणसाने विचारलं नाही. बटण दोन वर्षांची झाल्यावर दादा महोदयांना घेऊन आला, चहा झाला, हवापाण्याच्या गोष्टी झाल्या. आमच्याकडे विचारणं म्हणजे उद्धटपणा. तेव्हापासून येणंजाणं आहे, आणि तो चौदा वर्षांपूर्वीचा कागद आमच्या मध्ये तसाच पडलेला आहे.

आता हे सगळं बटणला माहीत नव्हतं. तिला बाप म्हणजे एक न काढलेला विषय, एवढंच ठाऊक. तिने सरळ मनाने दोन कागद जुळवले होते.

"कसं वाटलं?" ती म्हणाली.

मी सांगू शकले असते, दुसरं पत्र शोध. एका वाक्याचं काम होतं. पण माझ्या मनात काय आलं ते लपवत नाही. मनात आलं, वा! मला उत्तर लिहायची तसदीच नको. महोदयांनी स्वतःच चौदा वर्षांपूर्वी लिहून, नंबर घालून, फाईलला लावून ठेवलंय. वाचू देत भर सभागृहात.

"छान झालंय," मी म्हणाले. "शनिवारी आजोबांना घेऊन जाऊ."

"खरंच?" पोरगी हरखली. मला जरासं टोचलं, नाही असं नाही. पण मी मशीनवर बसले आणि सात बाह्या जोडून टाकल्या.

शनिवारी महोदय दहा मिनिटं आधीच दारात हजर. कडक इस्त्रीचा शर्ट, खिशात पेन, पेनामागे छोटी डायरी. वाटेत एकदाही त्यांनी आपल्या अर्जाचं नाव काढलं नाही. स्मरणपत्र पत्र पोचल्यावर तीस दिवसांनी पाठवायचं असतं, आणि तेवीसच झाले होते.

शाळेचं सभागृह म्हणजे जत्रा झाली होती. पालकांनी मदत करू नये म्हटल्यावर पालकांनी काय काय करून ठेवलं होतं! एकाने अख्खी लाल टपालपेटी बनवून आणली, आत बल्ब लावून. एकीचं भित्तिपत्रक दुकानातून छापून आणलेलं, त्यावर मथळा ‘टपाल तिकिटांचे फायदे व तोटे’. तोट्यांत पहिला मुद्दा, ‘चाटावे लागते’. वर्गाच्या बाई पदर सावरत सगळीकडे "किती सुंदर, किती सुंदर" करत फिरत होत्या. महोदय प्रत्येकासमोर थांबून मान हलवत होते. "पिनकोड नाही. मायना चुकला. आणि हे तिकीट डाव्या कोपऱ्यात? शिक्का कुठे मारणार तो?"

मग आमच्या समोर आलो. बटण ताठ उभी राहिली. महोदयांनी आधी सूर्यफूल पाहिलं, दोन तिकिटं ओळखून खूश झाले. मग उजवीकडे वळले. विनंतीचं पत्र वाचताना त्यांच्या लक्षात आलं, हे आपलंच. त्यांनी कॉलर सारखी केली. शेजारी कोणी बघतंय का, तेही पाहिलं. हो, एवढा अभिमान!

मग ते उत्तर वाचू लागले. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. यासाठीच तर आणलं होतं त्यांना.

त्यांनी शेवटपर्यंत वाचलं. पुन्हा वरून वाचलं. मग चष्मा काढून माझ्याकडे वळले आणि हळू आवाजात म्हणाले, "उत्तर इथे दिलंस होय. ठीक आहे. घरी उगाच बोलाचाली झाली असती."

माझ्या डोक्यात प्रकाश पडायला थोडा वेळ लागला. त्यांना ते आपलं वाटलंच नव्हतं. त्यांना ते माझं वाटलं होतं.

"जावक क्रमांकसुद्धा घातलास," ते म्हणाले. "मसुदा चांगला आहे. ‘तथापि’ योग्य जागी आलंय. कुठे कडवट शब्द नाही." त्यांनी डायरी काढली, त्यात उभ्या उभ्या ‘उत्तर प्राप्त’ असं लिहिलं, खाली तारीख घातली. "मी आज दादाला सांगतो. त्या फॉर्मवर सही तेवढी राहिलीय."

मग पेनाला टोपण लावायला गेले, तर लागेना. दोनदा टोपण बाजूलाच सरकलं.

मला गार वाटायला हवं होतं. चौदा वर्षं ज्या माणसाला मनातल्या मनात मी भिंतीला लावत होते, तो भिंतीला लागला होता, आणि त्याला ते पटलंही होतं. माझ्याकडून दुसरं काही येईल अशी त्यांची अपेक्षाच नव्हती. चीड आली मला. त्यांची आली, माझी आली, त्या सूर्यफुलाचीसुद्धा आली. मी बोलणार तेवढ्यात बटण मध्येच म्हणाली, "आजोबा, असं काय करता? ते आईचं नाहीये! तुमचंच आहे. तुमच्या फाईलमधलं."

"माझं?"

"हो! जुनं आहे खूप. कार्बनवरचं."

त्यांनी चष्मा परत लावला. "कुणाला गेलेलं?"

त्यांना आठवत नव्हतं. देवाशपथ सांगते, त्यांना आठवत नव्हतं. जे पत्र मला काना-मात्रांसकट पाठ होतं, ते त्यांच्या लेखी रोजच्या साठांतलं एक होतं.

"नाव नव्हतं," बटण म्हणाली. "नुसतं ‘प्रति, अनुक्रमांक तीन’ असं होतं."

महोदयांनी बोटाने भित्तिपत्रकावरचा एकेचाळीस हा आकडा शोधला. मग हळूहळू त्यांची मान माझ्याकडे वळली. मागे पोरांचं लहान बाक होतं, त्यावर ते बसले. गुडघे जवळजवळ छातीशी आले.

नजर माझ्या चपलांवर. "तथापि," ते म्हणाले. पुढे काही आलं नाही. छत्तीस वर्षं दुसऱ्यांचे मसुदे दुरुस्त करणाऱ्या माणसाला एक वाक्य जुळवता येईना.

आणि मग त्यांनी विचारलं, "मग तू गेलीस कुठे?"

या प्रश्नाची उत्तरं माझ्याकडे चौदा वर्षांची साठलेली होती. एकेक अशी, की ऐकणाऱ्याने कान धरावेत. त्यातलं एकही बाहेर आलं नाही.

"शिवणाच्या दुकानात," मी म्हणाले. "मास्तरीणबाईंच्या. मागच्या खोलीत चिंध्यांच्या ढिगावर झोपत होते. अकरा दिवस. मग त्यांनी हातात सुई दिली."

"आणि मी?" बटणने विचारलं. तिचे डोळे वाटोळे झाले होते.

"तू होतीस. पोटात."

"अकरा दिवस," महोदय म्हणाले. त्यांचा हात डायरीकडे गेला आणि तिथेच थांबला. मग त्यांनी बाकाचा आधार घेतला आणि उठले. "माझा अर्ज मी मागे घेतो. तो करायला नको होता."

बस्स! तिथे माझा बांध फुटला. "अर्ज मागे घेतो म्हणे! मेला तो अर्ज! हे काय ऑफिस आहे? तीन गल्ल्यांवर राहता आणि तिकीट लावून पत्र पाठवता? तोंड कशाला दिलंय देवाने? पोस्टमनला सगळं ठाऊक, आणि मी महोदया? लाज नाही वाटत?" बाई ‘किती सुंदर’ म्हणायच्या थांबल्या. लाल टपालपेटीवाले वळून बघायला लागले. बघू देत. "त्या फॉर्मवर सही केलीत तर याद राखा. उद्या सकाळी ट्रंक घेऊन या. खाट इस्त्रीच्या टेबलाजवळ लागेल, वाफेचा त्रास होईल, तो सोसायचा. माझ्या घरात रजिस्टर चालणार नाही, नंबर चालणार नाहीत. भूक लागली तर भूक लागली म्हणायचं. पाणी हवं तर पाणी मागायचं, तोंडाने! आणि माझ्या कात्रीला कोणी हात लावायचा नाही." शेवटचं बटणला होतं.

राग गेला का? नाही गेला. अजूनही गेला नाही, रोज सकाळी त्यांचं ते ताठ अंथरूण बघितलं की उफाळून येतो. पण चौदा वर्षांत एका माणसाने विचारलं होतं, तू गेलीस कुठे. तो माणूस विचारायला फार उशिरा आला, आणि तरी विचारणारा तोच एक होता.

महोदय खाली मान घालून सगळं ऐकत राहिले. मग, खिडकीपाशी उभा राहिलेला माणूस आतल्या कारकुनाला विचारतो तशा आवाजात म्हणाले, "किती दिवसांसाठी?"

"तूर्त," मी म्हणाले.

त्यांनी डायरी काढली, पेन काढलं, माझ्याकडे पाहिलं, आणि काही न लिहिता दोन्ही परत खिशात ठेवलं.